ओव्हनमध्ये चेहरा बदलत नाही

अक्का, तुझा ओव्हन ठणठणीत आहे. काहीही झालेलं नाही त्याला. मीच मूर्खासारखी त्याची मागची वायर हलवून बघत होते, बटण पुन्हा पुन्हा फिरवत होते, आणि अण्णा कॉफीचा लोटा हातात धरून माझ्याकडे बघत उभे होते. हे तुला सगळ्यात आधी सांगतेय, कारण तू गेल्यावर लोकांनी तुझ्याबद्दल जे जे चांगलं बोलायचं ते बोलून झालंय, आणि त्यात भर घालायची माझी आज अजिबात इच्छा नाही. ते सगळं खरं असेल. तू मायाळू होतीस, तुझ्या हाताला चव होती, जयनगरच्या तुमच्या गल्लीत कुणाचं दुखलंखुपलं की आधी तू पोचायचीस. पण माझ्याशी तू खोटं वागलीस. आणि ते मला कधी कळावं, तर तुझे दिवस झाल्यावर. आता मी भांडू कुणाशी?

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली, आठवतं? सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दिवाळीच्या आधी स्टॉल लागले होते. मी नागपूरहून लग्न करून नवीन आलेली. निखिल दिवसभर ऑफिसात, मी घरून काम करायची आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी हिंदीत हसायची. तुझ्या टेबलावर पॉलिमर क्लेची कानातली मांडलेली होती, सगळी पानांची. खरं पान क्लेवर दाबून त्याच्या शिरा उठवलेल्या. मी एक जोड उचलला आणि विचारलं, "ये पीपल है क्या?" तू हो म्हणालीस. मी म्हटलं, पीपल की तो नोक लंबी होती है. तर तू अण्णांकडे, तुझ्या नवऱ्याकडे, वळून मराठीत म्हणालीस, "ही कोण हो, मला पिंपळ शिकवायला आली!" मी तिथल्या तिथे मराठीत उत्तर दिलं, "शिकवत नाहीये. पण हा पिंपळ नाही, पारसपिंपळ आहे."

"अय्यो मारायती, अगं बाई!" तू केवढ्यांदा ओरडलीस. "तू आमच्यातलीच की! मग इतका वेळ हिंदी कशाला झाडत होतीस?"

तुझं मराठी ऐकून मला आधी हसू आलं होतं, हेही आज सांगून टाकते. मधेच थोडंऐवजी 'स्वल्प' काय, बरंऐवजी 'सरी' काय. तुला माझं मराठी टीव्हीतल्या बायकांसारखं वाटायचं. "तुम्ही कालचे," म्हणायचीस, "आम्ही राजांच्या काळात आलेलो. तुमच्या आधीचं मराठी आहे आमचं, समजलं काय?" मी तुला तुम्ही म्हणायला लागले तर वैतागलीस. "अक्का म्हणतेस आणि वर तुम्ही? एक काय ते ठरव की." मी अक्का ठरवलं. तू मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाहीस. "ए नागपूर" म्हणायचीस, भर बाजारात, आणि मी वळून बघायची.

मी काही कलाकार वगैरे नव्हते. सॉफ्टवेअर तपासते मी, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. शाळेत चित्रं बरी यायची, एवढंच. तू मला तुझ्या स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, धुण्याभांड्याच्या जागेतल्या टेबलाशी बसवलंस, पुढ्यात बाथरूमची उरलेली गुळगुळीत फरशी ठेवलीस आणि क्लेचा तुकडा हातात दिलास. मळ म्हणालीस. किती वेळ? "तुझा राग जाईपर्यंत." पांढरा रंग आधी मळायचा, नाहीतर बाकीच्या रंगांची बोटं लागून तो मळका होतो. अंगाचा रंग करताना लाल अगदी मोहरीएवढाच घालायचा. केस करायला तू शेवेचा साचा वापरायचीस, जुना, पितळेचा. त्यातून काळ्या क्लेच्या तारा निघायच्या आणि तू म्हणायचीस, बघ, अंबाडा घालू की वेणी? तो साचा परत स्वयंपाकात गेला नाही म्हणून तुझ्या सासूबाई वर्षभर कुरकुरत होत्या, हेही तूच सांगितलंस, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. मला त्या टेबलाशी बसून पहिल्यांदा वाटलं की या गावात आपलं कुणीतरी आहे. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर आज एवढी चिडलेच नसते.

मग आपली 'घरची झाडं' सुरू झाली. कल्पना तुझी. या गावात जो तो कुठून तरी आलेला, आणि प्रत्येकाच्या मूळ घरी एक झाड असतं. गिऱ्हाइकाला आपण घरातल्या माणसांचे फोटो मागायचो आणि विचारायचो, दारात कुठलं झाड होतं? मग त्या झाडाखाली त्याची माणसं बसवून द्यायचो. कुणाचा फणस, कुणाचा आंबा, एका मुलीचं नुसतं कण्हेरीचं झुडूप. पहिल्याच दिवशी तू वाटणी करून टाकलीस. "माणसं तुझी, झाडं माझी. मला माणसं जमत नाहीत." हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, अक्का! स्टॉलवर कुणी वाकून बघायला लागलं, किती जिवंत चेहरे आहेत म्हणालं, की तू माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचीस, "चेहरे हिचे. मी आपली पानं चिकटवते." चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायचीस.

ज्यांनी कधी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे माझा संताप त्यांनाही कळेल. हा क्ले भाजेपर्यंत मऊच राहतो. आठवडाभर ठेवा, महिनाभर ठेवा, वाळत नाही. ओव्हनमध्ये गेला की मग कडक. तोवर कुणीही यावं, बोट लावावं आणि नाक बदलावं. आणि माझ्याकडे ओव्हन नव्हता. भाड्याच्या घरात एक मायक्रोवेव्ह, आणि त्यात हे भाजायचं नसतं. मी घरी माणसं करायची, स्टीलच्या डब्यात बटर पेपरवर निजवायची आणि शनिवारी तुझ्याकडे आणून द्यायची. पुढच्या शनिवारी ती तुझ्या झाडाखाली बसलेली मिळायची, भाजून, कडक होऊन.

आणि बदलून. मला पहिल्याच खेपेला जाणवलं होतं ते. मी केलेली आजी समोर बघत होती, भाजून आलेली आजी नातवाकडे बघत होती. मी विचारलं, अक्का, ही अशी होती का? तू झाडाला पानं लावत होतीस, वर न बघता म्हणालीस, "ओव्हनात स्वल्प बदलतंच गं. ऊन लागलं की माणूस बदलत नाही?" आणि मी ऐकून घेतलं! मी, जिला लोक चुका शोधायचा पगार देतात! रंग गडद होतो भाजल्यावर, पातळ भाग जरा वाकतो, हे मी वाचलं होतं. त्यात हे बसवून टाकलं. प्लास्टिकची आजी गरम झाल्यावर नातवाकडे वळून बघते, हे मला पटलं, कारण सांगणारी तू होतीस. पुढे पुढे तर मी वाट बघायला लागले. या वेळी ओव्हन काय करतोय बघू, असं म्हणायची. निखिलने एकदा वाढदिवसाला ओव्हन घेऊन द्यायचं ठरवलं, तर तू त्याला फोनवरच झापलंस. "कशाला रे ते दोन-दोन ओव्हन? मी आहे की." मला केवढं भरून आलं होतं तेव्हा.

आता बाबांचं.

तू माझ्या बाबांना कधी पाहिलं नाहीस. आमच्या नागपूरच्या घरी अंगणात सीताफळ आहे. तुला ते पटतच नव्हतं, नागपूर म्हणजे संत्रं पाहिजे. मी म्हटलं, अगं बाई, नागपुरात काय प्रत्येकाच्या दारात संत्री लटकलेली असतात का? बाबा शाळेत गणित शिकवायचे. मला नागपुरात पक्की सरकारी नोकरी लागली होती, ती सोडून मी लग्न करून बंगळूरला आले, याचा त्यांना राग होता. ते भांडले नाहीत, ओरडले नाहीत. मी घरी फोन केला आणि त्यांनी उचलला, तर दोनच शब्द बोलायचे. "आईला देतो." कशी आहेस नाही, पाऊस आहे का नाही. दरवेळी तेच. मी कधीतरी "बाबा, ऐका ना" म्हणायची, तोवर आईचा हॅलो यायचा. असं करत करत ते गेले. माझ्याकडे त्यांचे शेवटचे शब्द आहेत, आणि ते तेच आहेत.

त्यांच्या वर्षश्राद्धाला न्यायचं म्हणून मी त्यांना करायला घेतलं. खुर्चीत बसलेले, मांडीवर पेपर, वर सीताफळ. तू म्हणालीस, तोंड असं का केलंस? मी तोंड ओढून घेतलेलं केलं होतं, कपाळाला आठी, ओठ आवळलेले. म्हटलं, असेच होते. तू म्हणालीस, "घरात ठेवायचं आहे गं. तुझ्या आईला रोज बघायचं आहे." मी म्हटलं, मला खरं हवंय, छान नकोय. तुझं-माझं हे भांडण जुनंच. फोटोत दमलेला दिसणारा माणूस दमलेलाच करायचा, असं माझं म्हणणं, आणि तू म्हणायचीस की फोटो एका मिनिटाचा असतो. त्या दिवशी मी आवाज चढवला. तू "सरी, सरी" म्हणून उठलीस आणि चित्रान्नाला, तुमच्या त्या लिंबाच्या भाताला, फोडणी घालायला गेलीस. तुझं 'सरी' म्हणजे होकार नसायचा, नुसतं भांडण थांबवायचं असायचं. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी आले तर तू मला बाबा हातात दिलेस, आणि ते हसत होते.

मोठं नाही. ओठ मिटलेलेच. उजवीकडचा कोपरा जरा वर गेलेला आणि कपाळाची आठी गेलेली. बस. मी बघतच राहिले. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि काय म्हणालीस, आठवतंय का तुला? "तुझ्या हाताला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं."

मी तुझ्या त्या युटिलिटीत, वॉशिंग मशीनला टेकून, खाली बसून रडले. ते गेले तेव्हा नागपुरात रडले नव्हते, तेवढी तिथे रडले. मला वाटलं, माझ्याही नकळत माझ्या बोटांनी त्यांना माफ करून टाकलंय. मी राग धरून बसले होते आणि हात आपलं काम करून मोकळे झाले होते. त्या दिवसानंतर खरंच माझा राग गेला, अक्का. मी नागपूरला गेले, त्यांच्या खुर्चीत बसले, सीताफळ खाल्लं. आईने तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, "हसतायत गं!" मला वाटलं, मी काहीतरी केलंय आयुष्यात.

आणि आता हा ट्रे. तुझा तेरावा झाल्यावर अण्णांचा फोन आला. तुझं सामान तसंच पडलंय, एक ट्रे झाकून ठेवलाय, घेऊन जा की, म्हणाले. मी आले. ऑर्डर त्या पाटण्याच्या कुटुंबाची होती, आमच्याच सोसायटीतल्या. लिचीचं झाड तू पुरं केलं होतंस, फळांची खरखरीत सालंसुद्धा. माझी माणसं डब्यातच होती, मी दिली तशी. त्यांच्या आजोबांचा वाढदिवस तोंडावर आला होता. अण्णा म्हणाले, भाजून ने, तिचं काम अर्धं नको राहायला. मी ओव्हन लावला. अण्णांनी कॉफी आणली. आम्ही दोघं वाट बघत होतो, आणि मला मनातून थोडं बरंही वाटत होतं, की आता दार उघडेन आणि निदान ओव्हन तरी तसाच असेल.

दार उघडलं. आजोबा जसे ठेवले तसेच. सून तशीच. मुलगा तसाच, पासपोर्टच्या फोटोसारखा समोर बघणारा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, ओव्हन गेला." आणि वायर हलवायला लागले.

अण्णांनी ट्रेकडे पाहिलं. "ओव्हनला काय धाड भरलीय? चेहरे राहिलेत," म्हणाले. "ती नीट करायची ना आधी, सुईने. दोन-दोन दिवस बसायची. तेवढं राहिलं तिचं." मी वायर सोडली. मग त्यांच्याही लक्षात आलं. "तुला माहीत होतं ना, नागपूर? दोघींचं ठरलेलं होतं ना ते?"

मी हो म्हटलं. तुझ्या नवऱ्यासमोर तुझी अब्रू राखली मी, बघ. ट्रे उचलला आणि रिक्षात बसले.

सगळेच्या सगळे चेहरे, अक्का? ती नातवाकडे बघणारी आजी? तो केरळचा म्हातारा, ज्याला बघून त्याची बायको माझे हात हातात घेऊन बसली होती? मी ते हात पुढे केले होते, आणि तू बाजूला बसून कौतुकाने बघत होतीस. तुला एकदाही वाटलं नाही की हिला सांगावं? मी शिकले असते. चिडले असते, दोन शनिवार आले नसते, आणि मग शिकले असते. तू मला चेहरे शिकवायच्या ऐवजी चेहरे करून दिलेस. गिऱ्हाइकांचं जाऊ दे. त्यांचं मी गिळलं असतं. तू माझे बाबा बदललेस. आठी घातलेले असू देत, ओठ आवळलेले असू देत, पण ते माझे होते. माझ्याकडे त्यांचं तेवढंच होतं. आणि वर मला म्हणालीस, तुझ्या हाताला माहीत होतं. ज्या माफीच्या जोरावर मी एवढे दिवस शांत झोपले, ती माझी नव्हतीच. ती तू सुईने कोरलेली होती.

सिल्क बोर्डच्या सिग्नलला रिक्षा अडकली. नेहमीसारखीच अडकली. मी तिथून आईला फोन लावला. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. म्हटलं, आई, तो बाबांचा चेहरा मी केलेला नाही. तो अक्काने केलाय, माझ्या पाठीमागे.

आई म्हणाली, "माहीत आहे मला."

मी एवढ्या जोरात "काय?" म्हणाले की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "एनायितु मॅडम?" काय झालं विचारत होता बिचारा. काही नाही, काही नाही, म्हटलं.

आईचा सूर अगदी साधा. "अगं, ती मला फोन करायची ना तेव्हा. मी तिकडे आले होते तेव्हा नंबर घेतला होता तिने. दुपारची करायची, तू कामात असायचीस तेव्हा. तुला सांगू नको म्हणाली, सरप्राइज आहे म्हणाली. आणि मग तू इतकी रडलीस, इतकी शांत झालीस, की मी काय सांगू बापा? मला वाटलं, राहू दे."

"काय विचारायची ती?"

"हेच. हसायचे कसे. मी म्हटलं, माझ्या पोरीसमोर नाही हसायचे ते. तिचा फोन आला की हसायचे."

आई सांगत राहिली. "आईला देतो म्हणायचे, फोन मला द्यायचे, आणि तिथेच दाराला टेकून उभे राहायचे. मी फोन स्पीकरवर टाकायची, तू तिकडचं काय काय सांगत असायचीस, रिक्षावाला काय म्हणाला, भाजीवाली काय म्हणाली. ऐकत उभे. उजवीकडून हसायचे, ओठ मिटून. आणि तू फोन ठेवलास की लगेच पेपर उघडायचे, जसं काही आत्ताच खोलीत आले. तिला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, सरी, कळलं मला."

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"तू कुठे विचारलंस गं? ती विचारायची."

अक्का, तुला हे माहीत होतं! आता माझा खरा राग ऐक, आधीचा सगळा विसर. चेहरा बदललास, बदललास. पण तुला माहीत होतं, की माझे बाबा दाराला टेकून माझा आवाज ऐकायचे. तू हे घेऊन माझ्यासमोर बसायचीस, शनिवार-शनिवार, मला चित्रान्न वाढायचीस, मी त्या दोन शब्दांची गोष्ट तुला पुन्हा पुन्हा सांगायची आणि तू पुन्हा पुन्हा ऐकायचीस. तोंड नव्हतं का तुला? दिवसभर तर बोलायचीस! गल्लीतल्या कुत्र्याशी बोलायचीस! ही एक गोष्ट सांगायला तुला क्ले लागला? माझ्या घरातली, माझ्या बापाची, माझ्या वाटणीची गोष्ट, आणि ती माझ्या आधी जयनगरमधल्या एका बाईला माहीत. बाबा तर तेव्हा गेलेलेच होते, मान्य आहे. मला त्यांना फोन करून काही विचारता आलं नसतं. पण मला कळलं तरी असतं.

की तुला वाटलं, ही ऐकणार नाही? खरं हवंय, छान नकोय म्हणून ओरडणारी बाई, हिला सांगितलं तर म्हणेल, आई त्यांची बाजू घेतेय? म्हटलं असतं मी. अगदी तेच म्हटलं असतं. तू मला ओळखत होतीस, म्हणून तर जास्त जिवाला लागतं. ते खरं होतं, अक्का. मी खरं मागितलं आणि तू मला खरंच दिलंस, फक्त माझं आहे असं सांगून दिलंस. यासाठी तुझे आभार मानू की तुला शिव्या घालू, ते मला अजून ठरवता येत नाही. कधी सकाळी आभार मानते, संध्याकाळपर्यंत शिव्या घालते.

पाटण्याच्या आजोबांना मी ते तसेच पासपोर्टवाले चेहरे दिले. त्यांची सून म्हणाली, छान आहे. नुसतं छान. हात हातात घेतला नाही. बरोबरच आहे तिचं.

परवा ओव्हन घेतला. निखिलने प्लगची जागा करून दिली. आणि मग मी जयनगरला गेले, अण्णांकडे. ते एकटेच कॉफी करून पितात आता, आणि चांगली करतात. त्यांनीच विषय काढला. तिला करशील का, म्हणाले. मी म्हटलं, झाड नाही येणार मला. झाडं तिची होती. ते म्हणाले, "बेडा, नको झाड. नुसती ती कर."

तुझे फोटो खूप आहेत माझ्याकडे. सगळ्यांत तू फोटोसाठी हसलेली आहेस. ते मी बाजूला ठेवले आणि अण्णांना विचारलं. म्हटलं, ती माझे चेहरे नीट करायला बसायची तेव्हा कशी दिसायची?

अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, नको होतं विचारायला. मग त्यांनी स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला. "असा. आणि जीभ इथे, दातात. फोनवर तुझा फोटो उघडून ठेवायची, तू केलेल्या मूळ चेहऱ्याचा, जास्त बदलायला नको म्हणून. आणि बेल वाजली की पदर टाकायची ट्रेवर."

"घाबरून?"

"अय्यो, ती कसली घाबरतेय! चोरासारखी हसायची."

मी पुढे विचारत गेले. कुठल्या बाजूने हसायची? डोळे बारीक व्हायचे की मोठे? भुवई कुठली वर जायची? त्यांनी दोन्ही भुवया वर करून दाखवल्या, मग म्हणाले नव्हे, एकच, डावी. आम्ही दोघं हसलो, मग दोघंही रडलो, मग त्यांनी पुन्हा कॉफी केली. घरी येऊन मी तुला केलं. चष्मा कपाळावर, जीभ दातात, पदर ट्रेवर, डावी भुवई वर, आणि तोंडावर ते हसू, जे तू माझ्यासमोर कधीच हसली नाहीस. कुणाला दाखवलं नाही, कुणाच्या हाती दिलं नाही. माझ्या ओव्हनमध्ये ठेवलं आणि समोर बसून राहिले. दार उघडून बघितलं, तर तू तशीच होतीस, चोर ती चोरच.